कॅमेऱ्याला कुठं बघायचं ते सांगा

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे. गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर रोज एक तरी तक्रार असते, ‘फोटो धूसर येतोय, फोकस होत नाही, बघ ना जरा.’ आपण आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहोत. कुणाला मुलानं कॅमेरा घेऊन दिला आहे, कुणी पक्ष्यांच्या मागे लागलं आहे, कुणी नातवंडांच्या. मी पुण्यात बत्तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतो आहे, तेव्हा हे काम माझ्याकडं येणं साहजिकच.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. ‘ऑटोफोकस बिघडलाय’ म्हणून माझ्या टेबलावर जे कॅमेरे येतात, त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मोडलेलं काहीच नसतं. कॅमेरा त्याला जमतं ते करत असतो. कुठं बघायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. आजच्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

आता हे यंत्र बघतं कसं? त्यासाठी मला नवीन काही शिकवायची गरज नाही. समोर बसलेल्या विज्ञानाच्या सरांनी ते आपल्याला नववी-दहावीतच शिकवलं आहे.

प्रयोगशाळेतला बहिर्गोल भिंगाचा प्रयोग आठवा. भिंग खिडकीकडं धरायचं आणि मागं पांढऱ्या पुठ्ठ्याचा पडदा पुढंमागं सरकवायचा. खिडकीचे गज आधी पुसट दिसायचे, मग ठळक व्हायचे, मग परत पुसट. गंमत अशी, की सगळ्यांत ठळक जागा कोणती हे त्या जागेवर असताना कळायचंच नाही. ती ओलांडून पुढं गेलं, गज पुसटायला लागले, की आपण म्हणायचो, ‘अरे, मघाशीच बरोबर होतं.’ मग पडदा मागं घ्यायचा. पट्टीनं अंतर मोजायचं आणि वहीत नाभीय अंतर लिहायचं.

ऑटोफोकसची एक पद्धत हुबेहूब हीच आहे. कॅमेरा लेन्स पुढंमागं करतो, चित्रातला उजेड-अंधाराचा फरक कुठं जास्तीत जास्त आहे ते शोधतो, ती जागा ओलांडतो आणि परत येतो. साध्या खिशातल्या कॅमेऱ्यात लेन्स ‘घुर्र घुर्र’ करत आतबाहेर होते, तो हा प्रयोग चाललेला असतो.

दुसरी पद्धतही शाळेतलीच. सगळ्यांनी हात लांब करून अंगठा समोर धरा. धरा, धरा, बाई तुम्हीसुद्धा. एक डोळा मिटून बघा, मग दुसरा मिटून. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. अंगठा नाकाजवळ आणलात तर उडी मोठी होते. म्हणजे उडी किती आणि कुठल्या बाजूला, यावरून अंतर कळतं. कॅमेरा लेन्सच्या दोन कडांचे असेच दोन डोळे करतो. दोन्हीकडून आलेली चित्रं ताडून बघतो आणि लेन्स कुठल्या दिशेला किती फिरवायची हे त्याला एका झटक्यात कळतं. म्हणून ही पद्धत वेगवान. डीएसएलआरमध्ये हे ताडून बघणारं छोटं यंत्र आरशाच्या खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असतं. आता जे बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस कॅमेरे मिळतात, त्यातल्या बहुतेकांत हे काम मुख्य सेन्सरवरच होतं.

या सगळ्याला फार वर्षं झालेली नाहीत. आपोआप फोकस करणारा पहिला बाजारी कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ, १९७७ मध्ये आला. आणि आपण दहावीला बसलो त्याच वर्षी, १९८५ मध्ये, मिनोल्टा ७००० आला. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस खऱ्या अर्थानं रुजला तो तिथून. तोवर आपल्याकडं घरोघरी आग्फा क्लिक थ्री होता, त्यात फोकस करायचा प्रश्नच नव्हता. उन्हात उभं राहायचं, हलायचं नाही, एवढीच अट.

आता मुद्द्यावर येतो. पद्धत कुठलीही असो, तिला ‘गज’ लागतात. खिडकीवर पांढरी चादर टाकली असती, तर सरांच्या प्रयोगात आपण पडदा दिवसभर सरकवत बसलो असतो. कॅमेऱ्याचंही तसंच होतं. कोरी भिंत, निरभ्र आकाश, इस्त्रीचा पांढरा सदरा, एकरंगी साडी, संध्याकाळचा अंधुक मांडव, इथं कॅमेरा चाचपडतो. त्याला कड द्या, गज द्या. सदऱ्यावर नको, कॉलरच्या कडेवर फोकस करा. साडीवर नको, काठावर करा. अंधार असेल तर ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर मोबाइलची बॅटरी क्षणभर मारा, फोकस झाला की बंद करा.

आणखी एक खुबी. डीएसएलआरमधले काही फोकसबिंदू फक्त उभ्या किंवा फक्त आडव्याच रेषा ओळखतात. दोन्ही ओळखणारा बिंदू कमी किमतीच्या कॅमेऱ्यात बहुधा मधला एकच असतो. म्हणून अडचण आली की मधल्या बिंदूवर या. तरीही जमेना तर कॅमेरा काटकोनात फिरवा, बटण अर्धं दाबून फोकस पकडा, आणि बटण तसंच धरून कॅमेरा सरळ करा.

पण सगळ्यांत आधी फोटो कशामुळं बिघडला ते ओळखायला शिका. आजार न ओळखता औषध देऊ नये. फोटो मोठा करून नीट बघा.

एक. चित्रातलं सगळंच एका दिशेला फराटल्यासारखं झालं आहे? मग हात हलला. फोकसचा काही संबंध नाही. शटर वेगवान करा, किंवा कोपर भिंतीला टेकवा. जुना ठोकताळा असा, की लेन्स २०० मिलिमीटरवर असेल तर शटर निदान १/२०० हवं. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यांत सेन्सर लहान असतो, तिथं १/३०० धरा.

दोन. मागची भिंत स्वच्छ आहे आणि नातू तेवढा फराटला आहे? मग नातू हलला. उभ्या माणसाला १/१२५ पुरतं, पळणाऱ्या पोराला १/५०० तरी द्या.

तीन. नातू पुसट आहे, पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागचं दार अगदी कोरून काढल्यासारखं आलं आहे? हा खरा फोकसचा दोष. कॅमेऱ्यानं फोकस केला, पण भलत्याच गोष्टीवर.

चार. चित्रात कुठंच काही ठळक नाही, सगळीकडं दुधाळ पडदा आल्यासारखं आहे? मग लेन्सवर बोटाचे ठसे असतील, आत बुरशी असेल, किंवा तुम्ही लेन्सच्या कमीत कमी अंतरापेक्षाही जवळ गेला असाल. ते अंतर बहुतेक लेन्सवर लिहिलेलं असतं, ते वाचा. दूरच्या काही लेन्सना अंतराची मर्यादा ठरवणारा खटका असतो, तोही बघा.

आणि पाचवा प्रकार खास आपल्या वयाचा. फोटो छान येतो, पण व्ह्यूफाइंडरमधून सगळं अंधुक दिसतं. तिथं डोळ्याजवळ एक बारीक चाक असतं. आतली अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा. मागच्या महिन्यात आपल्याच एका मैत्रिणीचा कॅमेरा मी फोनवर ‘दुरुस्त’ केला, तो असा.

तिसऱ्या प्रकाराकडं जरा जास्त वेळ देतो, कारण आपल्याला त्याची झळ बसली आहे.

दहा वर्षांपूर्वीच्या स्नेहमेळाव्याचा समूहफोटो तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. पुढं खुर्च्यांवर सगळे गुरुजन, मागं आपण, आणि आपल्या मागं तो मोठा फलक. घरी जाऊन तो फोटो बघा. फलकावरचं अक्षरन् अक्षर वाचता येतं. खुर्चीतले चेहरे मात्र मऊ आहेत. छोट्या प्रतीत कळत नाही, मोठी केली की कळतं. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी चौघं आज आपल्यात नाहीत. भूगोलाच्या बाई त्यांतल्याच.

बाई गेल्यावर त्या फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून हवा म्हणून फाइल माझ्याकडं आली. मी जे सांगितलं ते इथंही सांगतो. फोकस चुकलेल्या फोटोत जे उमटलंच नाही, ते मागाहून काढता येत नाही. आता अशी सॉफ्टवेअरं आहेत जी पुसट चेहरा लख्ख करून देतात. मी करून पाहिलं. डोळे आले, पापण्या आल्या, कपाळावरची रेषसुद्धा आली. पण ती बाईंची रेष नव्हती. हजारो चेहरे पाहून यंत्रानं एक अंदाजाचा चेहरा बसवला होता. बाईंसारखी दिसणारी कुणी दुसरीच बाई. बाईंच्या मुलीला मी तो दाखवला नाही. मूळचाच, लहान आकारात, छापून दिला.

त्या दिवशी झालं काय होतं? कॅमेरा बिघडलेला नव्हता. फोकसबिंदू कॅमेऱ्यानंच निवडावा असं ठरवून ठेवलं होतं. असा कॅमेरा सहसा जवळची, ठळक कडा असलेली वस्तू धरतो. पुढं पांढरे सदरे, फिक्या साड्या, चेहऱ्यांवर मांडवाची सावली. मागं पांढऱ्यावर लाल ढोबळ अक्षरं, उन्हात. जवळ धरण्यासारखे गज सापडले नाहीत, लांबच्या फलकावर सापडले. कॅमेऱ्याला आपल्या बाई आणि फलकावरचं ‘स’ यांतला फरक कळत नाही. तो फरक आपल्याला कळतो, म्हणून निवड आपण करायची.

निवड करायची म्हणजे मेनूत जाऊन फोकसबिंदू ‘एकच’ असा ठेवायचा आणि तो बिंदू बटणानं हलवून चेहऱ्यावर, शक्यतो जवळच्या डोळ्यावर न्यायचा. नवीन मिररलेस कॅमेरे चेहरा आणि डोळा स्वतः ओळखतात, ती सोय जरूर वापरा. पण तिच्यावरही नजर ठेवा. चष्म्यावर उजेड चमकत असेल तर फोकस कधी डोळ्याऐवजी चष्म्याच्या काडीवर जातो. आणि मागं भिंतीवर एखादी तसबीर असेल तर तोही चेहराच. शाळेच्या सभागृहात तर तसबिरींची रांग आहे!

बसलेल्या माणसासाठी एकदा पकडून थांबणारा फोकस ठेवा. त्याला कॅमेऱ्यावर ‘एएफ-एस’ किंवा ‘वन शॉट’ म्हणतात. पळणारं पोर, उडणारा बगळा यांच्यासाठी सतत पाठलाग करणारा, म्हणजे ‘एएफ-सी’ किंवा ‘एआय सर्वो’. पाठलागाच्या फोकसवर बटण अर्धं दाबून कॅमेरा बाजूला वळवलात, तर फोकसही बाजूच्या गोष्टीवर जातो. नेहमी विचारलं जाणारं ‘मी चेहऱ्यावरच धरलं होतं, तरी मागचं झाड आलं’ याचं उत्तर बहुतेकदा इथं असतं.

दुसरी गोष्ट खोलीची. आजकाल ५० मिलिमीटरची, एफ १.८ची छोटी लेन्स पुष्कळ जण घेतात. स्वस्त आहे, चांगली आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती पूर्ण उघडी ठेवून दोन मीटरवरून फोटो काढलात, तर पुढंमागं मिळून साधारण अकरा-बारा सेंटिमीटरच स्वच्छ येतं. डोळा आला तर कान गेला. पाच मीटरवरून सुमारे ७० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक रांग. तीच लेन्स एफ ८वर आणलीत तर पाच मीटरवर साडेतीन मीटरच्या आसपास खोली मिळते, म्हणजे तीन रांगा आरामात. म्हणून समूहफोटोला लेन्स मोठी उघडी ठेवू नका. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. दाणेदार चेहरा चालतो, कारण तो तरी त्याच माणसाचा असतो.

आता खऱ्या बिघाडांकडं. माझ्याकडं कॅमेरा पाठवण्याआधी घरी एवढं बघा.

लेन्सच्या बाजूला एएफ-एमएफ असा खटका असतो. पिशवीत घासून तो एमएफवर जातो आणि ऑटोफोकस ‘मरतो’. हसू नका, हे फार वेळा होतं. पण एएफवर असताना कडं जोर लावून हातानं फिरवू नका. साध्या लेन्समध्ये आतली प्लॅस्टिकची दाती त्यानं जाते.

लेन्स काढून मागचे सोनेरी संपर्कबिंदू बघा. मऊ, कोरड्या, स्वच्छ फडक्यानं हलके पुसा. खोडरबर वापरू नका, त्याचा चुरा आत जातो. बॅटरी पूर्ण भरून बघा. पुढं स्वस्तातला फिल्टर लावलेला असेल तर काढून बघा.

जुनी लेन्स विकत घेताना चौकशी करा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात, फोटोही काढतात, पण फोकस हातानंच करावा लागतो. तो बिघाड नव्हे.

आणि आपला रत्नागिरीचा पाऊस! जून ते सप्टेंबर कातडी पिशवीत, कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर वेळ न घालवता दुरुस्तीला द्या. ठेवताना झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. एसीच्या खोलीतून दमट हवेत कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर दव धरतं. त्याला पिशवीतच पंधरावीस मिनिटं राहू द्या.

शेवटचा दोष डीएसएलआरचा. फोकस अगदी नेमक्या जागी सांगूनही तो दर वेळी थोडा पुढंच पडतो, किंवा दर वेळी थोडा मागंच. याची परीक्षा घरी होते. चांगल्या उजेडात टेबलावर तीन पेन्सिल सेल तिरक्या ओळीत, एकामागं एक उभे करा. कॅमेरा तिवईवर ठेवा, लेन्स पूर्ण उघडा, मधला बिंदू मधल्या सेलवर धरा आणि टायमर लावून पाच फोटो काढा. दर फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा. मग तसेच पाच फोटो लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून काढा. लाइव्ह व्ह्यूचे स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही एकाच बाजूला चुकलेले असतील, तर आरशाखालच्या यंत्राचं आणि लेन्सचं जमत नाही. वरच्या किमतीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत उणे २० ते अधिक २० अशी दुरुस्ती मेनूतच करता येते. नसेल तर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही दुरुस्तीला द्या, नुसती लेन्स नको. पण पाच फोटो पाच तऱ्हेनं चुकले असतील तर मेनूतले आकडे हलवत बसू नका, कारण दुसरं काही आहे. मिररलेसमध्ये सेन्सर स्वतःच मोजतो, त्यामुळं हा दोष सहसा येत नाही.

ज्यांच्याकडं नुसता मोबाइल आहे त्यांनी लेन्स रुमालानं पुसा आणि पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. तुम्हालाही नियम तोच, कुठं बघायचं ते सांगा.

आता आजचं. चार वाजता मैदानावर समूहफोटो आहे. संयोजकांशी बोलून मी काही गोष्टी ठरवल्या आहेत. फलक लावायचा नाही. गुरुजनांच्या खुर्च्या वडाच्या सावलीच्या बाहेर, पण तोंडावर ऊन येणार नाही अशा ठेवायच्या. रांगा तीनच. एफ ८, कॅमेरा तिवईवर, एकच बिंदू, आणि तो बिंदू खुर्चीत बसलेल्या सरांच्या चष्म्यामागच्या डोळ्यावर. आपण मागं उभे राहणारे थोडे मऊ आलो तरी हरकत नाही, आपले फोटो पुष्कळ आहेत. एक फोटो काढून झाला की कुणी हलायचं नाही. मी पडद्यावर चेहरा मोठा करून बघणार, खुर्चीतला प्रत्येक चेहरा. सगळे नीट आले असं मी म्हटल्यावरच चहा.

यात पाच मिनिटं जातील. सरांनी आणि बाईंनी आपल्यासाठी केवढा वेळ घातला आहे, तेव्हा ही पाच मिनिटं आपण काढू.